कादोबाचं सुतक

गुरुवारी सकाळी सव्वाआठ वाजता अजिनाथने ठरवलं, की आज आपण आपल्या घरात बाप म्हणून वागायचं.

ठरवलं ते आंघोळ करताना. त्याचे सगळे धाडसी निर्णय बाथरूममध्येच होतात आणि टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत बहुतेक वाळून जातात. हा एक नेमका ओला राहिला. तोही वाळला असता, तर एका धडधाकट माणसाला त्या दिवशी मरावं लागलं नसतं. पण ते पुढं येईल.

अजिनाथ क्रांती चौकाजवळच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर ढकलायचा, आत काय लिहिलंय ते वाचत बसायचं नाही, हे काम तो चौदा वर्षं निष्ठेने करतो आहे. (पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ या निष्ठेत आहे, असं त्याची बायको दिपाली म्हणते.) राहायला हर्सूलला. ‘हर्सूलला असतो’ म्हटलं की शहरातला माणूस ‘आत का बाहेर?’ असं विचारतो, कारण हर्सूलला जसं तळं आहे तसं सेंट्रल जेलही आहे. अजिनाथ बाहेर असतो. निदान तसा त्याचा समज आहे.

त्याचं भांडण एका जपानी प्राण्याशी होतं. प्राण्याचं नाव कादोबा. हा कादोबा बोका आहे, अस्वल आहे की नुसताच फुगलेला आहे, हे जपानी लोकांनी अजून जाहीर केलेलं नाही. तो एका घरातल्या तांदळाच्या डब्यात राहतो. तो शिंकला की घरातली एखादी वस्तू गायब होते आणि मग वीस मिनिटं सगळे ती शोधतात. एवढीच गोष्ट. ही एवढीच गोष्ट जपानमध्ये आधी पुस्तकांतून आणि मग टीव्हीवरून अठ्ठेचाळीस वर्षं चालू आहे. त्या घरातला मुलगा अठ्ठेचाळीस वर्षं चौथीत आहे आणि त्याच्या आईबापांना त्याचं काहीही वाटत नाही. बाप कुठल्याशा कचेरीत कारकून आहे. संध्याकाळी थकून घरी येतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि नेमका तेव्हाच कादोबा शिंकतो. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या माणसाचं एक वाक्य पुरं झालेलं नाही. हा भाग बघताना अजिनाथला उगाचच आपल्या घरावर कुणीतरी पाळत ठेवली आहे असं वाटायचं.

अजिनाथची मुलगी श्रेया पहिलीत. तिची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ कादोबाची. घास गालात धरून ती टीव्हीसमोर बसे, आणि कादोबा हिंदीत बोलत असल्यामुळे तीही हिंदीत बोले. आता हिंदीचं या शहराला वावडं नाही. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी सगळे ‘क्या रे, कायकू’ करतातच. पण श्रेयाची हिंदी त्या गावची नव्हतीच. ती थेट जपानहून आलेली होती.

“श्रेया, टीव्ही बंद कर आणि पोळी गीळ,” अजिनाथ टॉवेलवरच म्हणाला.

“पिताजी, कृपया मुझे परेशान मत कीजिए.”

अजिनाथच्या सात पिढ्यांत कुणी कुणाला पिताजी म्हटलेलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. तो टीव्हीमागे गेला आणि त्याने सेट टॉप बॉक्सची वायरच उपटली.

पडदा काळा झाला. श्रेयाने घास गिळला. (आठवड्यात पहिल्यांदा.)

“पप्पा, कादोबा कुठं गेला?”

“गेला.”

“कुठं?”

“गावाला गेला.”

“कधी येणार?”

इथे ‘संध्याकाळी’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण माणसाला एकदा बाप व्हायचं ठरवल्यावर अर्ध्यावर थांबवत नाही.

“आता नाही येणार. म्हातारा झाला होता तो. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. वारला.”

“वारला म्हणजे?”

“म्हणजे मेला.”

श्रेयाचा खालचा ओठ हळूहळू पुढं आला. “मग दुसरं कार्टून लावा.”

“छे! कुणी वारलं की घरात तेरा दिवस टीव्ही लावत नसतात. सुतक असतं.”

तेरा दिवसांची ही कल्पना सुचल्याबद्दल अजिनाथने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेरा दिवसांत पोर विसरून जाईल. त्याने कपडे केले, डबा घेतला आणि स्कूटरला किक मारून तो विजयी मुद्रेने कचेरीत गेला. दिपाली त्याआधीच तिच्या शाळेत शिकवायला गेलेली होती. श्रेया टीव्हीसमोर तशीच बसून राहिली.

आता घरात त्या दिवशी आणखी दोन माणसं होती, हे सांगायला हवं. एक अजिनाथची सासू कस्तुराबाई आणि दुसरी धाकटी मेहुणी अमृता. रविवारी अमृताचा साखरपुडा होता. अमृता एकतिसाव्या वर्षात होती, सहा स्थळं बघून झाली होती, आणि सातवं अजिनाथने आणलं होतं. मुलगा सत्यम, वाळूजच्या कंपनीत इंजिनियर, निर्व्यसनी, घरची शेती. नऊ वर्षं जावई असून अजिनाथला सासरी कुणी ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं नव्हतं. या स्थळानंतर विचारायला लागले होते. कस्तुराबाई त्याला पोळीवर जास्तीचं तूप वाढत होती. रविवार नीट पार पडला की अजिनाथ जन्मभरासाठी ‘थोरले जावई’ होणार होता, आणि ते त्याला फार म्हणजे फार हवं होतं.

कस्तुराबाई गच्चीवर तांदूळ निवडत बसली होती. तिचा उजवा कान गेल्या पावसाळ्यापासून संपावर आहे. श्रेया नेमकी उजव्या बाजूला जाऊन बसली.

“आज्जी, कादोबा वारला.”

“कोन?”

“कादोबा.”

“कडुबा?” कस्तुराबाईच्या हातातलं सूप थांबलं. “आगं काय बोलतीस? कुनी सांगितलं तुला?”

“पप्पांनी. म्हातारा झाला होता ना तो. आता तेरा दिवस टीव्ही बंद. सुतक आहे.” आणि एवढं बोलून श्रेया हमसून हमसून रडायला लागली.

कडुबा हा कस्तुराबाईचा पाठचा भाऊ. दौलताबादच्या पलीकडं वस्तीवर राहतो, मेंढरं राखतो, बासष्ट वर्षांत सर्दीलासुद्धा गोळी घेतलेली नाही. म्हणजे अमृताचा सख्खा मामा. आणि मामाशिवाय आपल्याकडं मुलगी बोहल्यावर जात नाही. आता एवढी मोठी बातमी, ती जावयाने दिलेली, जावई सरकारी नोकरीत, आणि वर पोर रडतेय. कस्तुराबाईने आणखी काय पुरावा मागायचा?

तरी तिने मागितला. तिने कडुबाचा नंबर लावला. मेंढरं डोंगराच्या पलीकडं गेली की तिथं रेंज नसते. फोनमधली बाई म्हणाली, आपण डायल केलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. कस्तुराबाईला शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण अर्थ पोचला. तिने जो हंबरडा फोडला तो जेलच्या भिंतीपर्यंत गेला असावा.

शेजारच्या आशाबाई धावत आल्या. या आशाबाई दुःखाच्या प्रसंगी फारच उपयोगी पडतात, किंबहुना त्या वाटच बघत असतात. त्यांनी कस्तुराबाईला पाणी पाजलं, पिठलं-भाकरीचं बघते म्हणाल्या आणि दिपालीला फोन केला, “मामा वारले हो तुमचे. आईंची अवस्था बघवत नाही.” दिपालीने रडत रडत अजिनाथला फोन केला, “अहो, कडुबामामा गेले.”

अशा वेळी शहाणा माणूस ‘कुणी सांगितलं?’ असं विचारतो. अजिनाथने विचारलं, “कधी?”

“सकाळीच म्हणे.”

अजिनाथच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. कडुबामामा त्याला मनापासून आवडायचे. सासरी एवढा एकच माणूस त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा. त्याने डोळे पुसले, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, आणि आता घरातला कर्ता पुरुष आपणच, या जाणिवेने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला: “कळविण्यात येते की, आमचे मामेसासरे श्री. कडुबा यांचे आज रोजी सकाळी वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले असून अंत्यविधी दुपारी तीन वाजता राहत्या वस्तीवर होईल. करिता माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.”

मृत्यूचं कारण त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या मनाने घातलं, कारण सकाळी एकदा वापरलेलं ताजं होतं. तीनची वेळही त्याचीच. कार्यक्रम म्हटला की वेळ द्यावी लागते.

मग त्याने छातीवर दगड ठेवून सत्यमच्या वडिलांना, अप्पारावांना, फोन लावला. अप्पाराव निवृत्त हवालदार. आवाज अजून नोकरीत होता.

“कसं काय झालं म्हनं?”

“वृद्धापकाळाने गेले.”

“आवं, बासष्टीचं मानूस त्ये. ह्यो काय वृद्धापकाळ व्हय? मी सदुसष्टीचा हाय.”

“नाही, म्हणजे तुमच्या मानाने ते…”

“माझ्या मानानं काय?”

“काही नाही. तुम्ही तब्येतीला जपा.”

मग अप्पाराव म्हणाले, “मंग रविवारचं ऱ्हाऊ द्या. पोरीचा मामाच गेला म्हनल्यावर शकुन काय चांगला नाय. पुढचं पुढं बघू.”

लग्नाच्या बोलणीत ‘पुढचं पुढं बघू’ म्हणजे काय असतं, हे सहा स्थळं पाहिलेल्या घराला सांगावं लागत नाही. अजिनाथ घरी पोचला तेव्हा अमृता साखरपुड्याचा शालू परत घडीवर घडी घालून पेटीत ठेवत होती. ती रडत नव्हती. “ऱ्हाऊ द्या दाजी, तुमी लई केलं,” एवढंच म्हणाली. त्या वाक्याने अजिनाथला भडभडून आलं.

भाड्याची जीप आली. क्रांती चौकातून आणलेला हार अजिनाथने मांडीवर घेतला. मागं कस्तुराबाई, दिपाली, अमृता आणि श्रेया. श्रेयाने एक कागद गुंडाळून हातात धरला होता. कादोबासाठी चित्र काढलंय, म्हणाली. निरोप द्यायला दारात उभ्या असलेल्या आशाबाईंनी पदराने डोळे टिपले. केवढी समज बाई एवढ्याशा पोरीला, असं त्या तिघींना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

शरणापूर फाटा मागं पडल्यावर श्रेयाने विचारलं, “पप्पा, जपान दौलताबादच्या पुढं आहे का?”

“श्रेया, ही काय वेळ आहे का?”

“जीपनं जाता येतं?”

“गप्प बस म्हटलं ना!”

शिक्का मारला, कागद पुढं ढकलला. आत काय आहे ते वाचलं नाही.

किल्ला मागं पडला, जीप वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागली आणि समोर मेंढरं आली. दीडएकशे तरी असतील. रस्ताभर पसरलेली, एकही घाईत नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला आणि मान बाहेर काढून ओरडला, “ओ चचा, मेंढ्या हटाव ना जरा! मय्यत कू जाना है!”

चचा पाठमोरा चालत होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका. तो काही वळला नाही. तेव्हा आपण कर्ते पुरुष आहोत हे आठवून अजिनाथ हार हातात घेऊन खाली उतरला आणि मेंढरांतून वाट काढत त्याच्या मागं जाऊन म्हणाला, “अहो मामा, जरा माणुसकी ठेवा. मयताला उशीर होतोय.”

“कुनाचं मयत?” चचाने पुढं बघतच विचारलं.

“इथल्याच वस्तीवरचे. कडुबा म्हणून.”

“आरं द्येवा! कवा?”

“सकाळी.”

“सकाळी? सकाळी तर मी…” असं म्हणत तो वळला.

अजिनाथच्या हातातला हार गळाला आणि एका मेंढीने तो लगेच तोंडात धरला. समोर कडुबामामा उभे होते. त्यांनी अजिनाथकडं पाहिलं, मेंढीच्या तोंडातल्या झेंडूकडं पाहिलं आणि अतिशय काळजीने विचारलं, “जावईबापू, दुसरा कोन कडुबा?”

जीपमधून कस्तुराबाई पदर सावरत उतरली, भावाला पाहून मट्‌कन खाली बसली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, “कडुबा, मागं फिरू नगंस बाबा. तुजं समदं नीट करतो आमी.”

“आगं अक्का, मी जिता हाय!”

“तसंच वाटतं म्हनं सुरुवातीला,” कस्तुराबाई म्हणाली.

शेवटी मामांनी तिला आपला हात चिमटा काढायला दिला. तिने बहिणीच्या हक्काने असा काढला की मामा डोंगरापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, तेव्हा कुठं तिची खात्री पटली आणि ती पुन्हा रडली. आता आनंदाने. मामा सगळा प्रकार ऐकून घेऊन म्हणाले, “तीनचा टाइम दिलाय न्हवं? चला मंग. म्या नसलो तर बरं दिसंल का?”

वस्तीवर माणूस मावत नव्हतं. सरकारी भाषेतला मजकूर वाचून लांबलांबचे पाहुणे आले होते. लाकडं येऊन पडली होती. अप्पाराव पांढऱ्या कपड्यांत, शेजारी सत्यम मान खाली घालून. दारात मामी, द्वारकाबाई, बसली होती आणि चार बायका तिला समजावत होत्या, पण ती ऐकत नव्हती.

“मानूस बघितल्याबिगर मी बांगड्या फोडनार नाय! सकाळी भाकरी बांधून नेलीया त्यानं. आन बांगड्या नव्या हायेत, कालच भरल्यात, साखरपुड्यासाठी!”

इतक्यात मेंढरं अंगणात शिरली आणि त्यांच्या मागून मयत चालत आलं.

गलका झाला. दोघं तिघं पळाले. द्वारकाबाईने आधी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग जमलेल्या लोकांना म्हणाली, “बगा! म्हनत व्हते ना?” आणि मगच तिचा बांध फुटला. लाकडं फोडून घामाघूम झालेल्या रामकिसन नावाच्या भावकीतल्या माणसाने मात्र कुऱ्हाड टेकवून विचारलं, “मंग आता ही लाकडं कुनी न्यायची?”

अप्पारावांमधला हवालदार उठून उभा राहिला. त्यांनी बाजेवर बैठक मारली आणि पंचनामा सुरू केला.

“द्वारकाबाई, तुमास्नी कुनी सांगितलं?”

“रामकिसनानं.”

“रामकिसन?”

“मोबाइलात आलं. ह्ये बगा.” रामकिसनने माहितीस्तव व कार्यवाहीस्तव सादर केलेला मजकूर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कार्यवाही म्हणून त्याने लाकडं फोडली होती.

“जावई?”

“मला दिपालीने सांगितलं,” अजिनाथ ताठ मानेने म्हणाला. त्याला अजूनही आपण साक्षीदार आहोत असंच वाटत होतं.

दिपालीने आशाबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकलं. आशाबाईंनी कस्तुराबाईचं नाव घेतलं आणि भाकरी किती माणसांच्या करू ते विचारलं. कस्तुराबाईने श्रेयाकडं बोट दाखवलं.

“बाळ, तुला कुनी सांगितलं?” अप्पारावांनी आवाज मऊ केला.

“पप्पांनी.”

अंगणातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. मेंढरांच्यासुद्धा. अजिनाथच्या डोक्यात सकाळचा सव्वाआठचा टॉवेल लख्ख उभा राहिला.

“मी… तो… तो दुसरा होता,” तो म्हणाला.

“दुसरा कोन?”

“कादोबा. जपानचा.”

“जपानात आपलं कोन हाय?” अप्पारावांनी कस्तुराबाईला विचारलं. कस्तुराबाईने नकारार्थी मान हलवली.

तेव्हा श्रेयाने पुढं येऊन आपला कागद उलगडला. त्यावर एक तपकिरी गोल होता, गोलाला दोन डोळे आणि खाली तांदळाचा डबा. कडुबामामांनी ते चित्र हातात घेऊन लांब धरून, जवळ धरून पाहिलं.

“बटाटा हाय व्हय ह्यो?”

“कादोबा आहे. वारला तो. मी सकाळपासून रडतेय,” श्रेया म्हणाली, “आणि सगळे तुमच्यासाठीच रडतायत.”

हे ऐकून अजिनाथला खरी लाज वाटली. मामांची नाही, पाहुण्यांची नाही, लाकडांचीही नाही. पोर सकाळपासून रडत होती आणि तिच्याजवळ एकही माणूस बसलं नव्हतं. तो तिथंच मातीत तिच्यासमोर उकिडवा बसला. “श्रेया, कादोबा वारला नाही. पप्पा खोटं बोलले. मी वायर काढली होती.”

श्रेयाने मामांच्या हातातून आपलं चित्र परत घेतलं. मग म्हणाली, “पिताजी, आपने हमारा विश्वास तोड़ दिया.”

“जिवंत आहे ना पण?” हा आवाज सत्यमचा. सगळ्यांनी वळून पाहिलं. बोहल्यावर चढायला निघालेला, वाळूजच्या कंपनीतला तो इंजिनियर घाम पुसत होता. “म्हणजे मगाशी मला एकदम धक्का बसला. मागच्या रविवारीच नवीन भाग बघितला मी. शिंकतो आणि जिनाच गायब होतो, तो.”

“जिना नाही, दार,” मागून अमृता म्हणाली. “जिना आधीच्या भागात.”

“आधीच्या भागात सासूबाईंचे दात होते.”

“ते त्याच्याही आधी.”

सहा आठवड्यांच्या बोलणीत मुलगा-मुलगी एकमेकांशी ‘हो’ आणि ‘चहा घेणार का’ याच्यापलीकडं बोलली नव्हती. आता त्यांना थांबवायला माणूस लागला असता. अप्पाराव आधी मुलाकडं आणि मग आभाळाकडं बघत बसले. सोळा वर्षं या मुलाला शिकवलं, असं काहीतरी ते पुटपुटले.

पण हवालदार तो हवालदार. “त्ये समदं खरं,” ते म्हणाले, “पर पोरीच्या मामाच्या मयताची बातमी पंचक्रोशीत फिरली. असल्या मामाला साखरपुड्यात पुढं कसं करायचं? ह्याचं काय करता बोला.”

अमृता बोलता बोलता थांबली. उत्तर दिलं ते द्वारकाबाईने.

“त्यात काय येवढं? गेलेलं मानूस माघारी आलं म्हंजी ते नव्यानं जल्मलं. बारसं करायचं आन मोकळं व्हायचं.”

जमलेल्या म्हाताऱ्यांनी विचार केला आणि माना डोलावल्या. अप्पारावांनीही डोलावली. रामकिसनने फोडलेल्या लाकडांवर लगेच घुगऱ्या शिजायला टाकल्या, त्यामुळे त्याचाही प्रश्न सुटला. लिंबाला झोळी बांधली. मामा काही झोळीत मावेनात, म्हणून त्यांचा पटका झोळीत ठेवला. पण बाळाला कुणाच्या तरी मांडीवर बसावं लागतंच.

“ज्यानं जल्म दिला त्याच्या मांडीवर,” द्वारकाबाई ठामपणे म्हणाली.

अशा रीतीने बासष्ट वर्षांचे, घोंगडीसकट ऐंशी किलोचे कडुबामामा अजिनाथच्या मांडीवर बसले. अंगाला दीडशे मेंढरांचा वास होता. बायका पाळणा म्हणत होत्या. कस्तुराबाईने भावाच्या कानात नाव सांगितलं, ते पुन्हा घोटाळा नको म्हणून इतक्या मोठ्याने सांगितलं की मामाही त्या कानाने दोन दिवस कमी ऐकत होते. “जावईबापू, जड व्हतंय का?” मामा मध्येच म्हणाले. अजिनाथने ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्याचे पाय बारशाच्या अर्ध्यातच मेले होते, आणि या दिवसातलं खरं मयत तेवढंच.

रविवारी साखरपुडा झाला. झकास झाला. मामा नव्या पटक्यात सगळ्यांच्या पुढं होते, अमृताने शालू नेसला होता, आणि ती नि सत्यम स्टेजवर खाली मान घालून जे कुजबुजत होते त्याला लोक प्रेम समजत होते. अजिनाथकडं माइक द्यायचा नाही आणि मोबाइल काढून घ्यायचा, एवढी एकच अट अप्पारावांनी घातली होती. अजिनाथने ती आनंदाने पाळली. शेवटी काही झालं तरी स्थळ त्याचं होतं, आणि पंगतीत त्याला अप्पारावांच्या शेजारी पाट मिळाला होता. थोरले जावई म्हणून.

समोरच्या पाटावर नवऱ्याकडचे एक वयस्कर पाहुणे होते. त्यांनी आदराने विचारलं, “थोरले जावई कंच्या खात्यात हायेत?”

अजिनाथने घास बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

“मृत्यू नोंदणीत,” अप्पारावांनी परस्पर सांगून टाकलं. “ह्यांच्याकडं नोंद आधी व्हतीया. मानूस मागून सवडीनं जातंय.”

पंगतभर हशा झाला. द्वारकाबाईला तर ठसका लागला. अजिनाथही हसला, कारण जावयाला अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. हसले नाहीत ते फक्त समोरचे पाहुणे. जेवणं झाल्यावर त्यांनी अजिनाथला हात धुवायच्या जागेजवळ गाठलं, इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सायेब, आमच्या सासऱ्याचं एक बारकं काम व्हतं. नव्वदी गाठलीया, पर जमीन काय नावावर करंनात. तेवढी त्यांची नोंद आधी करून घेता का?”

आणि त्यांनी खिशातून सासऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढली.